चार नावं, एक प्रोजेक्ट

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय थोडा माझ्या धंद्यातला आहे, पण कंटाळू नका. आज आपण बघणार आहोत की कॉलेजातल्या मुलांना ‘मिळून सॉफ्टवेअर बनवणं’ शिकवायचा प्रयत्न जगात कसा सुरू झाला, आपल्याकडे तो कसा आला आणि येताना वाटेत काय सांडलं.

सुरुवात माझ्या गावापासून करतो. धर्मापुरी, तालुका परळी, जिल्हा बीड. केदारेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर बघायला लोक लांबून येतात, ते हेच गाव. गेल्या दिवाळीत घरी गेलो होतो. दिवाळी म्हणजे आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडीकुंडी, पोरंबाळं, शेळ्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकाकडे निघतात. अशा गडबडीत गल्लीतला एक मुलगा हातात काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन आला. नुकताच इंजिनिअर झालाय, मुलाखती देतोय.

म्हणाला, “दादा, मुलाखतीत विचारतात की टीममध्ये तुझा वाटा काय होता. काय सांगू?”

मी रिपोर्ट उघडला. पहिल्या पानावर चार नावं. विचारलं, “तुझा वाटा काय होता?”

तो म्हणाला, “पैशाचा.”

चौघांनी वर्गणी काढून तयार प्रोजेक्ट विकत आणला होता. मी हसलो नाही, कारण माझी गोष्ट त्याच्यापेक्षा फार वेगळी नव्हती. मी २०१७ ला प्रवेश घेतला, २०२१ ला बीटेक झालो. आमच्याही प्रोजेक्टवर चार नावं होती. फरक एवढाच की आमचा प्रोजेक्ट विकतचा नव्हता, मी एकट्यानं लिहिला होता. बाकीच्या तिघांनी रिपोर्ट, पीपीटी आणि चहा सांभाळला. मला त्याचा अभिमान होता. ‘सगळा कोड माझा आहे’ हे मी छाती फुगवून सांगायचो.

पहिल्या नोकरीत तिसऱ्या महिन्यात तो अभिमान उतरला. मी लिहिलेला एक क्लास दीड हजार ओळींचा झाला होता. मी आजारी पडून आठवडाभर गावी गेलो आणि त्या काळात त्यात एक छोटा बदल करायची वेळ आली. तीन लोक दोन दिवस बसले, तरी कुणाला हात लावायचं धाडस झालं नाही. परत आल्यावर सीनियर रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “तू कोड चांगला लिहितोस. पण दुसऱ्या माणसाला आत यायला दारच ठेवत नाहीस.”

तर आज बोलायचंय ते त्या दाराबद्दल.

दोन विषय, मूळ एकच

आमच्याकडे हे दोन वेगळे पेपर असतात. एक ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. त्यात क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम यांच्या व्याख्या आणि उदाहरणाला वर्तुळ, चौकोन, कुत्रा, मांजर. मग एकदोन सेमिस्टरनंतर दुसरा पेपर, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. त्यात वॉटरफॉल मॉडेलची आकृती, टेस्टिंगचे प्रकार, पाच मार्कांची टीप. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं मला चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं की हे दोन विषय एकाच अडचणीतून निघालेत.

अडचण अशी: काम एका डोक्यात मावत नाही. मग ते अनेक डोक्यांत वाटायचं कसं?

१९६० च्या दशकात नॉर्वेत ओस्लोच्या नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये उले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड हे दोघं सिम्युला नावाची भाषा बनवत होते. खरी कामं कशी चालतात, रांगा कुठे लागतात, कोण कुणासाठी थांबतो, याची संगणकावर नक्कल करायची होती. त्यासाठी त्यांनी प्रोग्रॅमला पायऱ्यांची यादी न मानता, आपापलं काम सांभाळणारे आणि एकमेकांशी बोलणारे घटक मानलं. १९६७ च्या सिम्युलामध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना स्पष्ट दिसतात. म्हणजे ऑब्जेक्ट जन्माला आला तो कुत्र्यामांजराचं उदाहरण म्हणून नाही. माणसं कामं कशी वाटून घेतात, ते मांडायला तो आला.

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिशला नाटोच्या पुढाकारानं एक परिषद भरली. मोठी सॉफ्टवेअर वेळेत होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो, चुका संपत नाहीत, ही तक्रार घेऊन लोक जमले होते. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द रूढ झाला तो इथून. त्याच वर्षी मेल्विन कॉनवे यांचा लेख आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एखाद्या संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तसाच आकार त्यांनी बनवलेल्या यंत्रणेला येतो. दोन गट एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांच्या कोडमध्येही तीच भिंत उभी राहते.

मग १९७२ साल आणि डेव्हिड पार्नस. हे तेव्हा अमेरिकेत कार्नेगी मेलनमध्ये शिकवत होते. त्यांनी एक छोटासाच प्रोग्रॅम घेतला आणि तो दोन पद्धतींनी तोडून दाखवला. पहिली पद्धत सगळे वापरतात ती: आधी काय होतं, मग काय होतं, त्या क्रमानं तुकडे करायचे. दुसरी पद्धत: उद्या बदलू शकेल असा प्रत्येक निर्णय एकेका तुकड्यात झाकून ठेवायचा. बाकीच्यांना तो निर्णय माहीतच नसावा, म्हणजे तो बदलला तरी त्यांना झळ लागत नाही. मॉड्यूल म्हणजे ओळींचा गठ्ठा नाही, मॉड्यूल म्हणजे कुणावर तरी टाकलेली जबाबदारी, ही त्यांची मांडणी.

इथे माझ्यासाठी महत्त्वाचा भाग असा की पार्नस यांनी हे विद्यार्थ्यांवरच करून पाहिलं होतं. तोच तुकडा वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे लिहायचा, एकमेकांचं काम न बघता, फक्त ठरलेल्या करारावर. मग याचा एक तुकडा, त्याचा एक तुकडा असे जोडायचे आणि चालतंय का बघायचं. विचार करा, पन्नास वर्षांपूर्वी पदवीच्या मुलांना हे शिकवलं जात होतं.

१९७७ मध्ये टोरांटोच्या हॉर्निंग आणि वॉर्टमन यांनी आणखी गंमत केली. ‘सॉफ्टवेअर हट’ नावाचा खेळ. विद्यार्थ्यांचे गट म्हणजे छोट्या कंपन्या. प्रत्येक गट आपला तुकडा बनवतो आणि बाजारात ठेवतो. मग दुसऱ्याचा तुकडा विकत घेऊन त्यावर पुढचं काम करावं लागतं. स्वतः लिहिलेला कोड वाईट असला तरी आपल्याला कळतो. दुसऱ्याचा वाईट कोड गळ्यात पडला की चांगला कोड कशाला म्हणतात ते एका रात्रीत समजतं.

आणि १९८९ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ऑब्जेक्ट शिकवायला संगणकच बाजूला ठेवला. हातात मावेल एवढं पुठ्ठ्याचं कार्ड. वर क्लासचं नाव, डावीकडे त्याच्या जबाबदाऱ्या, उजवीकडे त्याला कुणाची मदत लागते. यांना सीआरसी कार्डं म्हणतात. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड, आणि ‘आता हे काम कोण करणार?’ यावर वाद घालतात. कार्डावर जागा संपली, तर त्या क्लासवर ओझं जास्त झालंय असं समजायचं. माझ्या दीड हजार ओळींच्या क्लासला हे कार्ड दिलं असतं तर पहिल्याच दिवशी भांडं फुटलं असतं.

आपल्याकडे काय झालं?

आपल्याकडे मिळून बनवण्याची परंपरा नव्हती असं अजिबात नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तरुण अभियंत्यांच्या एका गटानं टिफ्रॅक हा संगणक स्वतः बांधला. १९६० ला तो चालू झाला, १९६२ ला पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. पुण्यात १९८१ ला फकीरचंद कोहलींच्या पुढाकारानं टाटांचं संशोधन केंद्र सुरू झालं, तिथे सॉफ्टवेअर बांधायच्या पद्धतींवरच काम होतं. तिथले केशव नोरी त्याआधी झुरिकला पास्कल बनवणाऱ्या निकलाउस विर्थ यांच्या गटात काम करून आलेले. म्हणजे जगात जे चाललं होतं ते माहीत असलेली माणसं पुण्यात होती.

पण कॉलेजं वेगळ्या वाटेनं वाढली. १९८३ ला वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. त्या निर्णयाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवणार नाही, कारण ती वाट उघडली नसती तर माझ्यासारख्या मुलांना आपल्याच भागात इंजिनिअरिंग दिसलंही नसतं. पण कॉलेजं भराभर निघाली की एक प्रश्न येतोच: शिकवणार कोण आणि तपासणार कोण? एका विद्यापीठाखाली डझनावारी कॉलेजं, प्रत्येकाची पातळी वेगळी. मग पेपर असा लागतो जो कुठल्याही केंद्रावर, कुठलाही परीक्षक सारखाच तपासू शकेल. व्याख्या तपासता येते. ‘फरक स्पष्ट करा’ तपासता येतं. चौघांनी एकमेकांशी केलेला करार तीन तासांच्या पेपरात बसत नाही. त्यामुळे ऑब्जेक्ट राहिला व्याख्येपुरता आणि टीम राहिली पहिल्या पानावरच्या नावांपुरती.

पुस्तकांनी यात आपल्याला मोठा आधार दिला, हेही सांगायला पाहिजे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ वाचून किती पिढ्या सी शिकल्या! पुढे सी प्लस प्लससाठी बालगुरुसामी. शिक्षक नसला तरी पुस्तक होतं. पण पुस्तक एकट्यानं वाचायची गोष्ट आहे. दुसऱ्याचा कोड वाचून वैताग येणं हे पुस्तकात छापता येत नाही. म्हणून पदवी झाली की आमच्याकडची मुलं पुण्याला जाऊन सीडॅकचा डिप्लोमा करतात. तिथे गटानं प्रोजेक्ट करावा लागतो. पदवीत राहून गेलेली गोष्ट पुन्हा पैसे भरून शिकायची, असा हा हिशोब.

शिक्षकांच्या बाजूनं झालेलं एक काम मात्र मला मोलाचं वाटतं. आयआयटी मुंबईचे दीपक फाटक सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून देशभरातल्या कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतल्या. एकेका विषयाला हजारो शिक्षक, आपापल्या जवळच्या केंद्रात बसून. दुखणं शिक्षकापासून सुरू होतं हे ओळखून केलेलं काम होतं ते. आणि २०२१ ला पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी कॉलेजला मराठीतून कंप्युटर इंजिनिअरिंग शिकवायची परवानगी मिळाली. भाषेचा मुद्दा आता येतोच.

सहा रविवार

त्या दिवाळीनंतर मी ठरवलं की नुसतं बोलत बसण्यापेक्षा करून बघू. आमच्या भागातल्या एका कॉलेजातले एक सर तयार झाले. तिसऱ्या वर्षाची २३ मुलंमुली, सहा रविवार. पुण्याहून शनिवारी रात्रीची गाडी, रविवारी रात्री परत.

विषय काय घ्यायचा? लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम नको होती, ती सगळ्यांना पाठ असते. मी म्हटलं, ऊसतोडीचा हंगाम घेऊ. वर्गात क्षणभर शांतता. मग जी बोलायला लागली ती थांबेनात. इंग्रजीत ‘ऑब्जेक्ट’ची व्याख्या विचारली तर खाली बघणारी मुलं, आता टोळी कशी चालते ते मला समजावून सांगत होती. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी उचल घ्यायची, टनावर ती फेडायची. मुकादम, फड, गाडी, काटा, पावती.

लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूची कार्डं केली. पाच गट. तासाभरानं बघतो तर पाचही गटांत एकच चित्र: मुकादमाचं कार्ड भरून वाहतंय. उचल वाटणं त्याच्याकडे, हजेरी त्याच्याकडे, टनेज त्याच्याकडे, दर, कमिशन, गाडी बोलावणं, सगळं त्याच्याकडे. आणि कोयत्याच्या कार्डावर फक्त ‘नाव’.

माझाच दीड हजार ओळींचा क्लास समोर होता. मी तांत्रिक चूक समजावून सांगणार, एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, कोयत्याला स्वतःचा हिशोबपण विचारता येत नाही यात. किती फिटले, किती राहिले, सगळं मुकादमाच्या वहीत.” थोडं थांबून म्हणाली, “आमच्या घरी असंच आहे.”

लगेच दुसरा मुलगा उठला. त्याचे चुलते मुकादम. “सगळे मुकादम चोर नसतात. कारखान्याचे पैसे त्यांच्या अंगावर असतात. उचल घेऊन कोयता पळाला तर त्यांनी काय करायचं?”

वाद चांगला अर्धा तास चालला. मी मध्ये पडलो नाही. शेवटी त्यांनीच नवं कार्ड काढलं: ‘खातं’. प्रत्येक कोयत्याचं एक. काट्याची पावती थेट खात्यात जाणार. कोयता ते बघू शकेल, मुकादमही बघू शकेल, पण दोघांपैकी कुणी एकटा त्यातला आकडा गुपचूप बदलू शकणार नाही. आणि तोडणीचा दर वेगळ्या कार्डावर, कारण तो काही वर्षांनी करारानं बदलतो. दर बदलला तर फक्त तेच कार्ड बदलेल.

पार्नस यांचं नाव मी अजून घेतलंही नव्हतं. ते घेतलं तेव्हा त्या मुलीनं मला अडवलं. “सर, तुम्ही म्हणता माहिती झाका. मुकादम झाकतोच की.” मला उत्तर द्यायला वेळ लागला. मग म्हटलं, काम ‘कसं’ होतं ते झाकायचं, ‘काय’ मिळेल याचं वचन मात्र उघड पाहिजे. वहीत कसं लिहिता ते तुमचं तुम्ही बघा, पण विचारल्यावर हिशोब द्यावाच लागेल. तिनं मान हलवली. पटलं की नाही, माहीत नाही.

सिम्युलावाल्या नीगार्ड यांच्याबद्दल सांगायचं एक राहिलं होतं, ते तिथेच आठवलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा माणूस नॉर्वेतल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करायला गेला. कारखान्यात संगणक येणार, तर त्यात काय नोंदवलं जातं, कोण बघतं, कुणाच्या हातात काय जातं, हे कामगारांनाही कळलं पाहिजे, त्यावर बोलता आलं पाहिजे, म्हणून. ज्यानं ऑब्जेक्ट काढला त्यालाच हा प्रश्न पडला होता.

आता खरं खरं सांगतो, सगळं काही छान झालं नाही. तिसऱ्या रविवारी मी टोरांटोची युक्ती केली: गटांनी आपापला कोड शेजारच्या गटाला द्यायचा. दोन गटांनी नाक मुरडलं, एका गटाची तर भांडणं झाली. लॅबमध्ये इंटरनेट येजा करायचं, म्हणून एका मशीनवर गिटची रिपॉझिटरी ठेवून लॅबच्या आतल्या नेटवर्कवर काम केलं. पहिला मर्ज कॉन्फ्लिक्ट आला तेव्हा एकानं सरळ दुसऱ्याचा कोड पुसून टाकला. एका गटात शेवटपर्यंत एकच मुलगा सगळं लिहीत राहिला. तो अगदी माझ्यासारखा. सहाव्या रविवारी २३ पैकी १६ जण उरले होते आणि पाचपैकी तीनच प्रोग्रॅम चालले.

शेवटच्या तोंडी परीक्षेला मी एकच नियम ठेवला: तू लिहिलेलं नाहीस असं काहीतरी मला समजावून सांग. तो एकट्यानं लिहिणारा मुलगा गप्प झाला. म्हणाला, “सर, मी न लिहिलेलं यात काहीच नाही.” ते ऐकून मला माझी २०२१ ची व्हिडिओ कॉलवरची तोंडी परीक्षा आठवली. तेव्हा मला हा प्रश्न कुणी विचारला असता, तर पुढची दोन वर्षं वाचली असती.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीनं मात्र दुसऱ्या गटानं लिहिलेला काट्याचा भाग समजावला. पावती दोनदा आली तर टनेज दोनदा जमा होतं, ही त्यांची चूकही दाखवली. आणि वर म्हणाली, “त्यांनी नावं चांगली दिली होती, म्हणून सापडली.” तेवढ्या एका वाक्यासाठी सहा वेळा रात्रीची गाडी केल्याचं सार्थक झालं.

आमच्या गावाकडे सावड असते, तुम्हाला माहीत असेल. आज तुझ्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तू. तिथे कुणी टीमवर्कचा पेपर देत नाही, पण आपल्या वाट्याला काय आलंय आणि कुणाचं काय देणं आहे, हे प्रत्येकाला माहीत असतं. ऑब्जेक्टची रचना करणं म्हणजे हेच ठरवणं. आणि एकट्यानं बसून ते शिकता येत नाही, कारण एकट्याला कुणाला वचन द्यावं लागत नाही.

गल्लीतल्या त्या मुलाला मी काय सांगितलं, हे विचाराल. म्हटलं, वाटा पैशाचा होता हे मुलाखतीत सांगू नकोस, पण खोटंही बोलू नकोस. चौघं मिळून तो विकतचा प्रोजेक्ट उघडा, एकेक भाग वाटून घ्या, समजून घ्या आणि एकमेकांना समजावा. निदान दुसऱ्याचा कोड वाचल्याचा अनुभव तरी खरा असेल. दोघांनी सुरुवात केलीय. बाकीचे दोघं फोन उचलत नाहीत.

तुमच्या प्रोजेक्टवर किती नावं होती आणि काम किती जणांनी केलं, ते मला नक्की कळवा. कॉलेजात शिकवणारं कुणी ऐकत असेल, तर तो तोंडी परीक्षेचा नियम एकदा वापरून बघा, फुकट आहे. भेटूया पुढच्या भागात.